ऑपरेटरसाठी शून्य दाबा

“आधी कानाला लावू द्या,” बर्गेकाका म्हणाले. “दिसायला कसाय ते इनामदार साहेबांना विचारा.”

मी नव्या फोनचा रिसीव्हर त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या टेबलावरून त्यांना फोन लावला. ते दहा हातांवर बसलेले, तरी फोनवरूनच बोलायचं ठरलं होतं.

“येतोय का आवाज, काका?”

“येतोय. आता गप्प बसा बघू.”

मी गप्प बसलो. त्यांनी मान जरा वाकडी केली, डोळे तर कायमचेच मिटलेले, आणि कपाळावर आठी आली.

“मेलं की हे, खटावकर.”

“नाही काका, चालू आहे लाइन. इंटरनेटवरचा फोन आहे. कुणी बोललं तर आवाज, नाहीतर काहीच नाही.”

“तेच म्हणतोय. जुन्या लाइनीत समोरचा गप्प असला तरी कळायचं, माणूस आहे म्हणून. बारीक घुरघुर असायची. ह्यात बोलणं थांबलं की माणूस उठून गेल्यासारखं वाटतं.” मग त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि हसले. “असू दे. आता होल्डवर ठेवलं कुणाला, तर दर अर्ध्या मिनिटाला परत येऊन ‘आहे मी’ म्हणावं लागणार. आधीही म्हणायचोच म्हणा.”

ह्या गोष्टीला अकरा वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, पुण्याच्या एका डीलरकडे नोकरीला. साताऱ्याच्या एमआयडीसीत पंप आणि व्हॉल्व्हचं ओतकाम करणारा एक कारखाना होता, तिथलं जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढून इंटरनेटवरची यंत्रणा बसवायचं काम आमच्याकडे आलं. चौऱ्याऐंशी फोन, एक सर्व्हर आणि माणूस मी एकटा. निघताना आमचे मालक म्हणाले होते, “खटावकर, ह्या पार्टीकडून एकही तक्रार आली, तर परत पुण्याला यायचे कष्ट घेऊ नका.” विनोद नव्हता तो. माझ्या आधीचे दोघे असेच गेले होते.

मुकुंद बर्गे तिथले ऑपरेटर. चार वर्षांचे असताना गोवरात डोळे गेले. अंधशाळेत शिकले, तिथंच ऑपरेटरचा कोर्स केला आणि ह्या खुर्चीत येऊन बसले ते सव्वीस वर्षं बसले. माणूस दोन भाषांत बोलायचा. फोनवर अगदी छापील, “नमस्कार, कुणाशी जोडून देऊ आपल्याला?” आणि फोन ठेवला की साताऱ्याची. आवाज असा की ऐकणाऱ्यानं बोलणं विसरावं. कोण बोलतंय ते त्यांना नाव सांगायच्या आधी कळायचं. कोल्हापूरचा एक सप्लायर बोलण्याआधी घसा खाकरायचा, तेवढ्यावर हे म्हणायचे, “नमस्कार सामंत साहेब, खरेदी विभागाला जोडतो.” सामंतांना त्याचं एवढं कौतुक, की दिवाळीत पहिला फोन ते काकांना करत, साहेबांना नंतर.

इनामदार साहेब म्हणजे कारखान्याचे मॅनेजर. वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. पण त्यांना नव्या यंत्रणेतली एकच गोष्ट मनापासून आवडली होती. बाहेरून फोन आला की मशीनच उचलणार आणि सांगणार, विक्रीसाठी एक दाबा, खरेदीसाठी दोन दाबा. “मग ऑपरेटर कशाला हवा?” असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. मी म्हटलं, हवाच असं काही नाही.

पण कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, त्यांचा बर्ग्यांवर जीव. ते म्हणाले, बघू या. सोमवारी साडेनऊला सगळ्यांसमोर बर्गेला नव्या फोनवर बसवा. जमलं, तर फोन आधी त्याच्याकडेच येऊ दे. नाही जमलं, तर मशीन उचलेल आणि बर्गेला मानानं घरी पाठवू.

काकांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी नुसता टेबलाच्या कडेवरून हात फिरवला.

“चार वर्षं राहिलीत माझी,” ते म्हणाले. “चार वर्षांचं एवढं काही नाही हो. पण घरी बसून काय करू मी? घरात मी आंधळा असतो, खटावकर. कालिंदी हाताला धरून मोरीपर्यंत नेते, शेजारची पोरं पायात येऊ नयेत म्हणून ओरडतात. इथं नाही. इथं लोक मला विचारतात, कुणाकडं जायचं.”

मी म्हटलं, “जमेल काका. मी शिकवतो.”

आणि शिकवलं, ते मात्र खरं मन लावून शिकवलं. ऑपरेटरच्या फोनला शेजारी एक पाटी जोडलेली असते, वीस बटणांची. एकेक बटण एकेका विभागाचं. विभाग मोकळा असेल तर बटणाशी हिरवा दिवा, बोलत असेल तर लाल. बटणांशेजारी छोट्या पडद्यावर नावं. दिवे आणि नावं, दोन्ही काकांच्या काही कामाची नव्हती. बटणं सगळी एका मापाची, गुळगुळीत. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, “हे तर भिंतीवरनं हात फिरवल्यागत झालं.”

उपाय काकूंनी काढला. कालिंदीकाकू रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. गुरुवारी त्यांनी आमची ती झटापट पाहिली आणि पिशवीतून टिकल्यांचं पाकीट काढलं.

“कुठलं बटण कुणाचं ते सांगा फक्त,” त्या मला म्हणाल्या.

काकांचा हट्ट एकच. बटणांचा क्रम त्यांच्या जुन्या बोर्डावर होता तसाच हवा. सव्वीस वर्षं बोटांना सवय. मी फोनच्या आत जाऊन एकेक बटण त्या क्रमानं लावून दिलं आणि काकूंनी वर टिकल्या चिकटवल्या. मोठ्या साहेबांना मोठी गोल. खरेदीला चंद्रकोर. विक्रीला लांबुडकी, गंधासारखी. भट्टीला खड्याची, कारण तिथं फोन लावायचा म्हणजे बहुधा काहीतरी पेटलेलं असायचं. गेटला दोन बारीक ठिपके, कँटीनला तीन.

“माझ्या कपाळाचं तुमच्या मशिनीला लावून दिलंय,” काकू नवऱ्याला म्हणाल्या. “सांभाळा म्हणजे झालं.”

“मशीन हेवा करंल तुझा,” काका म्हणाले.

शुक्रवार, शनिवार आम्ही सराव केला. मी मोबाइलवरून निरनिराळे आवाज काढून फोन करायचो. काका टिकली चाचपायचे, बटण दाबायचे, सांगायचे, “जोडतो आहे.” एकदाही चुकले नाहीत. शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडून मशीनसाठी एक चाचणीचा निरोपही बोलून घेतला, कारण माझा आवाज त्यात फाटक्या डब्यासारखा येत होता. “नमस्कार. विक्रीसाठी एक दाबा. खरेदीसाठी दोन दाबा. ऑपरेटरसाठी शून्य दाबा.” एका दमात, कुठं अडखळणं नाही.

“शून्य म्हणजे मी का?” त्यांनी विचारलं.

“शून्य म्हणजे तुम्ही.”

“छान. अख्ख्या जन्मात एवढं खरं कुणी बोललं नव्हतं,” म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

सोमवारी सकाळी आठला आमच्या मालकांचा फोन आला. कंपनीनं फोनसाठी नवा प्रोग्राम पाठवलाय, प्रात्यक्षिकाच्या आधी सगळ्या फोनवर चढवून टाका, नंतर आवाज तुटला म्हणून बोंब नको. मी चढवला. नऊ वाजता चौऱ्याऐंशी फोन एकदम बंद झाले आणि पाच-सात मिनिटांत एकेक करून परत उठले. मी मजल्यामजल्यावर फिरून पाहून आलो. काकांच्या टेबलाशीही गेलो. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, केसांना तेल लावून भांग पाडला होता.

“या खटावकर,” मी बोलायच्या आधीच ते म्हणाले. “झाले का तुमच्या मशिनीचे दात घासून?”

“झाले.”

“रात्रभर उशीवर टिकल्या मोजत होतो बघा. लग्नाच्या आदल्या रात्री झोपलो होतो.”

“काही होत नाही काका,” मी म्हटलं.

साडेनऊला सगळे जमले. मोठे साहेब खुर्ची ओढून समोर बसले. इनामदार साहेब दाराशी उभे. काकूही त्या दिवशी सकाळीच आल्या होत्या, डबा छातीशी धरून कोपऱ्यात उभ्या. काकांनी हेडफोन लावला होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी फोनचा स्पीकरही चालू केला होता.

पहिला फोन आला. पलीकडून कुणीतरी घसा खाकरला.

“नमस्कार सामंत साहेब,” काका म्हणाले. मोठ्या साहेबांनी इनामदारांकडे वळून पाहिलं, ऐकलंत ना, असं. “खरेदी विभागाला जोडतो.” बोट चंद्रकोरीवर गेलं. दाबलं.

“हॅलो, कँटीन,” स्पीकरमधून आवाज आला. मागं भांड्यांचा खणखणाट. “किती चहा?”

कुणीतरी हसलं. काका गोंधळले, पण सावरले. “माफ करा साहेब, बोट घसरलं.” त्यांनी पुन्हा चंद्रकोर चाचपली, पुन्हा पुन्हा चाचपली आणि दाबली.

“आवो किती चहा ते सांगा की,” कँटीनवाला म्हणाला.

दुसऱ्या फोनवर एका बाईंना विक्री विभाग हवा होता. लांबुडकी टिकली दाबली. बाईंचा फोन थेट मोठ्या साहेबांच्या रिकाम्या केबिनमध्ये गेला आणि भिंतीपलीकडे वाजत राहिला. आता कुणी हसलं नाही.

तिसरा फोन इनामदार साहेबांनीच मुद्दाम करायला लावला होता. “भट्टीवर जोडा, लवकर, अर्जंट आहे.” काकांनी खड्याच्या टिकलीवर बोट ठेवलं. दाबलं नाही. मग ते सगळ्या पाटीवरून हात फिरवू लागले, वरून खाली, खालून वर, ओठांत मोजत. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला विनाकारण थांबवलं नसेल. पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करत होता. आणि काका, जे सगळ्यांना ‘आहे मी’ म्हणायचे, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी त्यांनी खड्याचंच बटण दाबलं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, “जय हिंद साहेब.”

काकांनी डोक्यावरचा हेडफोन काढला. त्याची वायर नीट गुंडाळली. टेबलाच्या कडेला समांतर ठेवली.

“माझंच चुकत असंल,” ते म्हणाले. फोनवरची भाषा त्यांना तेव्हा सुचली नाही.

“अहो, पुन्हा बघा ना एकदा,” कोपऱ्यातून काकू म्हणाल्या. “शनवारी एकदाही चुकलो न्हाई म्हणाला होतात.”

मोठे साहेब माझ्याकडे वळले. “खटावकर, मशीनमध्ये काही दोष नाही ना?”

“नाही साहेब,” मी म्हटलं. “मशीन ठीक आहे.”

आणि मशीन ठीकच होतं. दोष मशीनचा नव्हताच. असा फोन बंद होऊन परत उठला, की आपल्याजवळचं सगळं विसरतो आणि सर्व्हर जे सांगेल ते खरं मानतो. काकांचा क्रम मी फोनमध्ये भरला होता, सर्व्हरमध्ये लिहायचा राहिला होता. दोन ओळींचं काम, उद्या करू उद्या करू म्हणत शनिवार गेला. सकाळी फोन उठला आणि सर्व्हरनं सगळी बटणं आकड्यांच्या क्रमानं लावून टाकली. टिकल्या मात्र होत्या तिथंच राहिल्या.

हे मी तिथं उभ्या उभ्या सांगू शकत होतो. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात बर्ग्यांची खुर्ची वाचली असती आणि माझी गेली असती. मला माझी हवी होती. एवढंच आहे, ह्याला दुसरं काही कारण नाही.

मोठे साहेब उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. “बर्गे, पुष्कळ केलंत,” म्हणाले. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले, पण साहेब तोवर दुसऱ्या बाजूला सरकले होते. हात भिंतीकडे जोडले गेले. काकूंनी येऊन त्यांचा दंड धरला. त्या कारखान्यात काकांना कुणी हाताला धरून नेताना मी पहिल्यांदा पाहिलं.

दुपारी इनामदार साहेब म्हणाले, तो फोन सर्व्हरच्या खोलीत ठेवून द्या, तपासणीला उपयोगी पडेल. मी बसून नखानं एकेक टिकली खरवडून काढली. चंद्रकोर काही केल्या निघेना. निघाली तेव्हा तिचा डिंक तसाच राहिला. निरोप नवीन बोलून घ्यायला वेळ नव्हता, आणि इनामदार साहेबांना काकांचा आवाज फारच आवडला होता, म्हणून तोच ठेवला. काकांना विचारलंही नाही कुणी. पुण्यात मालकांनी पाठ थोपटली. एकही तक्रार आली नव्हती.

वर्षभरानं देखभालीसाठी मी परत त्या कारखान्यात गेलो. सर्व्हरच्या खोलीत एकटाच होतो. सकाळचे दहा वाजले असतील. मांडणीवरचा तो फोन वाजला.

शून्य अजून त्याच फोनला जोडलेलं होतं. ते काढायचंही माझ्याकडून राहिलं होतं.

मी उचलला नाही. वाजून वाजून बंद झाला. मी सर्व्हरमधली नोंद उघडून पाहिली. एकच नंबर. रोज दहाला, रविवार सोडून. फोन लागतो, पूर्ण निरोप ऐकला जातो, मग शून्य. कुणी उचलत नाही. बंद. गेल्या जूनपासून रोज.

दुसऱ्या दिवशी मी दहाच्या आधी जाऊन तिथं बसलो. का बसलो, सांगता येणार नाही. फोन वाजला. उचलला.

“हॅलो,” मी म्हटलं.

पलीकडे काहीच नाही. तीच ती मेलेली शांतता, काका म्हणायचे ती. मला वाटलं, कट झाला.

“खटावकर का,” काका म्हणाले.

एका हॅलोवर ओळखलं त्यांनी.

“बरे आहात का काका?”

“बराय की. आमची ही गेली. दिवाळीच्या आधी. तुम्ही भेटाल असं वाटलं नव्हतं. मी आपला रोज बघत असतो, कुणी बसवलं का माझ्या जागी. माणूस बसवला असता, तर बरं वाटलं असतं.”

“नाही काका. कुणी नाही.”

“नाही ना. माझाच आवाज मला सांगतो, शून्य दाबा. दाबतो.” ते हसले, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. “खटावकर, एक विचारू? रागावू नका. बटणं बदलली होती, ते मला भट्टीच्या फोनला कळलं. चंद्रकोरीवर कँटीन लागलं, तेव्हा वाटलं मीच चुकलो. पण बोट चुकलं नव्हतं. माझं बोट चुकत नाही. ते काही विचारत नाही मी. चूक कुणाची बी हुते. मी वेगळंच विचारतोय. त्या दिवशी सव्वानऊला तुम्ही माझ्या टेबलाशी आलावता. माझ्याशी बोलताना तुमचा आवाज खाली वाकून येत होता, पाटीकडनं. माझ्याकडनं नाही. मग जरा वेळ तुम्ही श्वास धरलावता. मला ऐकू येतं हो ते. वर्षभर तेच ऐकतोय.”

मी रिसीव्हर घट्ट धरून बसलो होतो.

“एवढंच सांगा. तुम्हाला दिसलं होतं का?”

दिसलं होतं. पडद्यावर नावं उलटीपालटी झालेली मला स्वच्छ दिसली होती. चंद्रकोरीपुढं कँटीन. खड्यापुढं गेट. पंधरा मिनिटं हातात होती आणि काम दहा मिनिटांचं. पण त्यासाठी इनामदार साहेबांना सांगावं लागलं असतं, की थांबा, माझं चुकलंय. म्हणून मी म्हटलं, काही होत नाही काका.

“खटावकर?” काका म्हणाले. “आहात ना?”

मी होल्ड दाबलं.

उत्तर जुळवायला दोन क्षण हवेत, असं मनाला सांगितलं. पलीकडे त्यांच्या कानात यंत्रणेसोबत आलेली ती टिणटिण धून सुरू झाली असणार. इथं फोनवर एक लाल दिवा उघडझाप करत होता. तो बंद करायला बोट पुढं केलं की डिंकाचा तो वाळलेला डाग बोटाला लागायचा आणि मी हात मागं घ्यायचो. मग दिवा आपोआप विझला. पलीकडून ठेवला होता.

पुन्हा त्या नंबरावरून फोन आला नाही. मी किती दिवस नोंद पाहत होतो. मीही केला नाही. करणार होतो, करणार होतो, आणि मग चार वर्षांनी कळलं की आता करून उपयोग नाही. निरोपात मात्र अजून काकाच बोलतात. दरवर्षी तपासणीला जातो तेव्हा मला तो पूर्ण ऐकावा लागतो, ते कामच आहे माझं.

त्या शेवटच्या फोनची नोंद मी पुसली नाही. होल्ड, चार मिनिटं बारा सेकंद. काकांच्या रीतीनं धरलं, तर तेवढ्यात मी आठ वेळा परत येऊन ‘आहे मी’ म्हणायला हवं होतं.